उरलेल्या सदतीस जणांना काय सांगायचं?

प्रश्न : तालुक्याच्या गावातल्या एका खासगी नेत्र रुग्णालयात बारा वर्षं ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सांभाळणाऱ्या सिस्टरचं हे पत्र. गेल्या मंगळवारी आणि बुधवारी त्यांच्याकडे ४१ जणांना डोळ्याच्या पडद्यावरच्या सुजेसाठी इंजेक्शन दिलं गेलं. औषध एकाच बॅचचं होतं. शुक्रवारी एक पेशंट डोळा दुखतोय म्हणून आला, शनिवारी आणखी तीन आले. चौघांच्याही डोळ्यात आतून संसर्ग झालाय. त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात हलवलं. नमुने कल्चरला, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात ते बघायला, गेलेत, रिपोर्टला चार-पाच दिवस लागतील. डॉक्टरांचं म्हणणं असं : ‘औषधात दोष आहे हे सिद्ध कुठे झालंय? बाकीच्या सदतीस जणांना आत्ता फोन केले तर गावभर बोभाटा होईल, म्हातारी माणसं घाबरतील. ज्याला त्रास होईल तो येईलच.’ सिस्टर लिहितात, ‘सर वाईट नाहीत. कितीतरी जणांची ऑपरेशनं त्यांनी फुकट केली आहेत. त्यांचं म्हणणं पटतं, पण रात्री झोप लागत नाही. आणि फोन करायचा झाला तर तो मलाच करावा लागणार. मी बोलू काय? आमची चूक ठरलेली नसताना माफी मागू का?’

सिस्टर,

तुमची मेल शनिवारी रात्री उशिरा वाचली आणि तेव्हाच चार ओळी पाठवल्या : रिपोर्टची वाट पाहू नका, सकाळी सरांशी बोला, रजिस्टर काढून यादी करायला घ्या. सविस्तर आज लिहितेय. तुमच्यासारखंच रजिस्टर समोर ठेवून कुठल्यातरी दवाखान्यात, डायलिसिसच्या सेंटरमध्ये किंवा सलाइनच्या वॉर्डात बसलेल्या आणखी कुणाला ते उपयोगी पडेल, म्हणून इथे छापतेय.

‘ज्याला त्रास होईल तो येईलच.’ या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. तुमचे हे सदतीस जण कोण आहेत ते डोळ्यांसमोर आणा. बहुतेक मधुमेहाचे, साठीच्या पुढचे. त्यांना आधीच अंधुक दिसतं, म्हणून तर इंजेक्शन घ्यायला आले. इंजेक्शननंतर ‘दोन दिवस टोचेल, लाल दिसेल, घाबरू नका’ हे तुम्हीच त्यांना सांगितलं असणार. तसं सांगणं बरोबरच होतं. पण त्यामुळे आज डोळा लाल झालेला माणूस घरी बसून स्वतःची समजूत घालतोय की सिस्टर म्हणाल्याच होत्या. तुमचं ऐकणारा पेशंटच सगळ्यात उशिरा येणार आहे. त्यात काहींचा डोळा संसर्ग होऊनही फारसा दुखत नाही. आणि या आजारात उशीर दिवसांत मोजत नाहीत, तासांत मोजतात.

अमेरिकेत २०१२ साली जे घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. पाठदुखीसाठी मणक्याजवळ देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन, मिथाइलप्रेडनिसोलोन. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम इथल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या कंपनीने बनवलेल्या तीन बॅचेसमध्ये बुरशी होती. ते औषध २३ राज्यांतल्या ७६ दवाखान्यांत पोहोचलं होतं आणि १३,५३४ जणांना त्याचा संसर्ग होण्याची शक्यता होती. अखेरच्या मोजणीत ७५३ जण आजारी पडले, ६४ जण गेले. मेंदूज्वर, पक्षाघात, मणक्यातले गळू. कंपनीचा प्रमुख पुढे तुरुंगात गेला, औषधं बनवण्याच्या कायद्यात २०१३ मध्ये बदल झाला. तो भाग मोठा आहे, पण तुमच्या कामाचा नाही. तुमच्या कामाची आहे ती तारखांची माळ.

१८ सप्टेंबरला टेनेसी राज्याच्या आरोग्य खात्याला एका डॉक्टरने कळवलं की एका पेशंटला बुरशीचा मेंदूज्वर झालाय आणि त्याने नुकतंच मणक्यात इंजेक्शन घेतलं होतं. एकच पेशंट. तिथून शोध सुरू झाला आणि २६ सप्टेंबरला तिन्ही बॅचेस परत मागवल्या गेल्या. सीलबंद कुपीत बुरशीसारखं काही दिसल्याचं ४ ऑक्टोबरला जाहीर झालं. ती बुरशी म्हणजे पेशंटांमध्ये सापडलेली एक्सेरोहायलमच, हे प्रयोगशाळेने पक्कं सांगितलं १८ ऑक्टोबरला. आता पुढची तारीख बघा. १९ ऑक्टोबरपर्यंत त्या १३,५३४ जणांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त लोकांशी निदान एकदा संपर्क झालेला होता. म्हणजे पुरावा हातात आला तेव्हा फोन करून संपत आले होते. फोनने, निरोप ठेवून, घरी जाऊन, रजिस्टर पत्राने, जसं जमेल तसं लोकांना गाठलं होतं. पुराव्यासाठी थांबले असते तर ते तीन आठवडे गेले असते. आणखी एक गोष्ट. अगदी पहिल्या पेशंटच्या नमुन्यात सापडली होती ती वेगळीच बुरशी, ॲस्परजिलस. त्या एका रिपोर्टवर बसून राहिले असते तर शोध भलत्याच वाटेला लागू शकला असता. तुमच्या चौघांचं कल्चरही कदाचित ‘काही वाढलं नाही’ असं येईल. तसं बरेचदा होतं. तेवढ्यावरून कुपी निर्दोष ठरत नाही.

सर जो प्रश्न विचारताहेत, ‘औषधात दोष आहे का?’, त्याचं उत्तर अन्न व औषध प्रशासन देईल, प्रयोगशाळा देईल, वेळ लागेल. तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे : या सदतीस जणांना आज तपासायला हवं का? त्यासाठी चार डोळे पुरेसे आहेत. ४१ पैकी चार हा योगायोग नसतो. दोष औषधाच्या बॅचमध्ये असेल, कुपीतून सिरिंजा भरताना शिरला असेल किंवा ओटीतल्या आणखी कशातून आला असेल. तुम्ही औषधाचं नाव लिहिलं नाही, पण पडद्याच्या सुजेसाठी सर्रास वापरतात ते बेव्हॅसिझुमॅब असेल तर त्याची चार मिलीलिटरची एक कुपी कॅन्सरच्या पेशंटसाठी बनवलेली असते आणि डोळ्याला लागतो तो ०.०५ मिलीलिटरचा थेंब. गरिबाला ते इंजेक्शन परवडतं ते एका कुपीत अनेकांचं भागतं म्हणूनच. पण कुपी बिघडली तर तीच सगळ्यांपर्यंत पोहोचते. कारण यांपैकी कुठलंही निघो, यादी तीच सदतीस जणांची राहते.

आता घबराटीचं. सरांची ही काळजी खोटी नाही आणि ती उडवून लावू नका. पण घाबरवतो तो फोन कसा असतो, हे मी घरात पाहिलंय. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीला एका दवाखान्यातून फोन आला : ‘डॉक्टरांनी भेटायला बोलावलंय.’ कशाला, कधीपर्यंत, काही नाही. मावशीने दोन रात्री जागून काढल्या, मग ‘एवढं असतं तर सांगितलं नसतं का’ म्हणून गहू काढून झाल्यावर गेली. तीन आठवड्यांनी. अर्धवट सांगितलेल्या निरोपाने माणूस घाबरतोही आणि येतही नाही. दोन्ही तोटे पदरात. शिवाय बोभाटा तर होणारच आहे, चार पेशंट ॲम्ब्युलन्सने गेलेत. गावाला ते शनिवारी संध्याकाळीच कळलंय. प्रश्न इतकाच उरतो की उरलेल्यांना ते तुमच्या तोंडून कळतं की चहाच्या टपरीवर.

तुम्ही विचारलंत, बोलू काय. माझ्या अंदाजाने असं काहीसं :

‘नमस्कार काका, मी डोळ्यांच्या दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. मंगळवारी तुमच्या उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, आठवतंय ना? त्या दोन दिवसांत ज्यांना ते इंजेक्शन दिलं त्यांतल्या चौघांच्या डोळ्यात जंतुसंसर्ग झालाय. तुम्हाला झालाय असं मी म्हणत नाही. बहुतेकांना काही होणारही नाही. पण झाला असेल तर लवकर कळलं की डोळा वाचवता येतो, म्हणून सगळ्यांना आजच तपासायला बोलावतोय. तपासणीचे पैसे नाहीत. कशामुळे झालं ते अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा मीच सांगेन.’

एवढंच. दवाखान्याचं नाव घ्या, तारीख आणि डोळा सांगा, म्हणजे फोन खरा आहे याची खात्री पटते. आकडा लपवू नका. अमेरिकेत ज्यांना ते औषध टोचलं गेलं त्या शंभरातले साधारण पाच-सहा जण आजारी पडले. बाकीच्यांना काही झालं नाही. ‘बहुतेकांना काही होणार नाही’ हे म्हणायला तुम्हाला जागा आहे, पण ‘काळजीचं कारण नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. कारण आहे, म्हणून तर फोन केलाय.

सगळ्यात जास्त चूक होते ती यापुढच्या प्रश्नात. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलंत की समोरून ‘नाही, ठीकाय’ येणार. मिशिगन राज्यात या साथीचे सगळ्यात जास्त रुग्ण सापडले. तिथल्या ॲन आर्बरमधल्या डॉक्टरांनी, ज्यांना बिघडलेल्या बॅचचं इंजेक्शन मिळालं होतं पण संसर्गावर उपचार सुरू झालेले नव्हते, अशा १७२ जणांचा एमआरआय काढला. ३६ जणांत दोष निघाला. ही माणसं खोटं बोलत नव्हती. मुळात पाठ दुखते म्हणून इंजेक्शन घेतलेलं, त्यामुळे नवं दुखणं जुन्या दुखण्यात मिसळून गेलं. तुमच्या पेशंटांचं तेच होणार : आधीच अंधुक, त्यात आणखी थोडं अंधुक.

म्हणून करायला लावा. ‘काका, इंजेक्शन न दिलेला डोळा हाताने झाका. समोर कोण बसलंय? त्यांचा चेहरा दिसतो? बोटं मोजता येतात? काल एवढंच दिसत होतं का कमी झालंय?’ घरातल्या कुणाला विचारा की डोळा कालपेक्षा जास्त लाल आहे का, पापणी सुजली आहे का. उजेड सहन होतो का, डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा धूर दिसतो का. कालच्यापेक्षा काहीही वाईट असेल तर ‘आज’ हा शब्द बदलून ‘आत्ता’ म्हणा. घरात पडलेले थेंब घालून बघा, असं चुकूनही सांगू नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि डोळ्याच्या आतल्या संसर्गाला अँटिबायोटिक डोळ्याच्या आतच द्यावं लागतं. नुसत्या थेंबांनी तो आवरत नाही. उत्तरं चांगली आली तरी माणसाला बोलवाच. फोनवरून डोळा दिसत नाही.

एका फोनवर काम संपत नाही, हेही आत्ताच धरून चला. जंतूंचा संसर्ग बहुधा आठवड्याभरात उघड होतो, बुरशीचा कितीतरी उशिरा. २०१२ मध्ये इंजेक्शननंतरचे पहिले ४२ दिवस सगळ्यात जोखमीचे मानले गेले, आणि त्यानंतरही रुग्ण सापडत राहिले. आज डोळा स्वच्छ दिसला म्हणून नावावर काट मारू नका. पुन्हा कधी बघायचं ते सरांनी ठरवावं आणि तारीख कागदावर लिहून द्यावी. त्या वेळी अमेरिकेत लक्षणं नसलेल्या माणसांना आधीच बुरशीची औषधं देऊ नका असा सल्ला होता, लक्ष ठेवा असा होता. फोन केला म्हणजे सदतीस जणांवर उपचार सुरू करावे लागतील, ही भीती सरांना असेल तर हे त्यांना सांगा.

माफीचं विचारलंत. जी चूक ठरलेली नाही तिची माफी मागू नका आणि ज्याची ठरलेली नाही त्या कंपनीवर ढकलूही नका. ‘तुम्हाला हा त्रास होतोय याचं आम्हाला वाईट वाटतं’ हे खरं आहे, ते म्हणा. फोन करणं हा कबुलीजबाब नाही. उलट, कुणाला किती वाजता फोन केला, कोण बोललं, काय सांगितलं, काय उत्तर आलं, हे एका वहीत लिहीत जा. उद्या कुणी विचारलं तर तुमच्या आणि सरांच्या बाजूने बोलेल ती हीच वही.

फोन नंबरांचा गोंधळ तुम्ही लिहिला नाहीत, पण तो असणार. केसपेपरवरचा नंबर पुण्यातल्या मुलाचा, शेजाऱ्याचा किंवा शिबिराला घेऊन आलेल्या कार्यकर्त्याचा असतो. तिथे कसरत आहे. शेजाऱ्याला आजार सांगायचा नाही, पण मावशीच्या फोनसारखा मोघम निरोपही ठेवायचा नाही. ‘डोळ्याच्या इंजेक्शननंतरची तातडीची तपासणी आहे, आज संध्याकाळच्या आत या नंबरवर बोलायला सांगा, नाहीतर मी परत फोन करते’ एवढं पुरे, आणि परत करायचाच. पेशंट स्वतः म्हणाला की मुलाला सांगा, तर मुलाला सगळं सांगा. गाडीभाडं आणि बुडालेला रोज ही खरी अडचण असते. दवाखान्याची गाडी पाठवता आली तर चार फोनांचं काम एका फेरीत होईल. यादी ग्रामपंचायतीच्या किंवा शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. कुणाची काय दुखणी आहेत ती गावाला वाचायला नाहीत.

तुमच्याकडे रजिस्टर आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते सांगते. २०२३ मध्ये चेन्नईजवळ बनलेल्या डोळ्यांच्या थेंबांमुळे अमेरिकेत १८ राज्यांत ८१ जणांना स्युडोमोनास या जंतूचा हट्टी संसर्ग झाल्याचं आढळलं. चौघांचा जीव गेला, १४ जणांची दृष्टी गेली. ते थेंब चिठ्ठीशिवाय दुकानात आणि ऑनलाइन मिळत होते. कुणी घेतले त्याची यादीच कुणाकडे नव्हती. बातम्यांतून ओरडून सांगण्यापलीकडे हातात फारसं काही नव्हतं. तुमच्याकडे नाव, गाव, तारीख, डोळा, सगळं आहे.

सरांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. यादी तयार, पहिल्या दहा जणांचे नंबर तपासलेले, दुपारचा तपासणीचा वेळ मोकळा केलेला, आणि बोलायचा मजकूर लिहिलेला. त्यांना म्हणा, ‘सर, पहिले दोन फोन माझ्यासमोर तुम्ही करा.’ डॉक्टरांचा आवाज ऐकला की पेशंट निम्मा सावरतो, आणि दोन फोन केले की डॉक्टरही. उरलेल्या कुप्या, भरलेल्या सिरिंजा, रिकामी खोकी काहीही फेकू देऊ नका. बॅच नंबर दिसेल असं चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा, आणि ते औषध व ती ओटी तूर्त बंद. जिल्हा शल्यचिकित्सक आणि अन्न व औषध प्रशासनाला आजच कळवा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी केंद्राची १८००-१८०-३०२४ ही हेल्पलाइन आहे. तिथे परिचारिकाही कळवू शकते, पुरावा लागत नाही, संशय पुरतो, आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. सर नाहीच म्हणाले तर हा शेवटचा रस्ता तुमचा तुम्हाला मोकळा आहे. नोकरीची भीती तुम्ही ओळींच्या मधे लिहिली आहे, मला ती दिसली. ती भीती खरी आहे, म्हणूनच आधी सरांना सोबत घेण्याचा पुरेपूर प्रयत्न करा म्हणते. पण त्या प्रयत्नाला एक सकाळ द्या, चार दिवस नाही.

हे लिहून होईतो तुमचा निरोप आला. सरांनी पहिले दोन नाही, सहा फोन केले. तेहतीस जणांशी बोलणं झालं, एकोणतीस येऊन गेले, त्यांतल्या एका आजींचा डोळा संशयास्पद वाटला म्हणून त्यांना दुपारीच पुढे पाठवलं. न आलेल्या चौघांनी तुमच्याशी बोलताना ‘उद्या बघू’ म्हटलं असेल, तर त्यांना आज रात्रीच पुन्हा फोन करा.

आणि ज्यांच्याशी बोलणंच झालं नाही ते चौघे. एकांचा नंबर बंद लागतोय. त्यांच्या गावच्या आशाताईंना गाठा, त्यांना घर माहीत असेल. दोघा भावांचे नंबर एकच आहेत आणि तो नातू उचलत नाही, तर अनोळखी नंबर म्हणून उचलत नसेल. आधी दवाखान्याच्या नावाने मेसेज टाका, मग फोन करा. चौथे ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत. मुकादमाकडून कारखान्याचं नाव काढा, पेशंटशीच बोला, आणि तिथल्या जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला औषधाचं नाव, बॅच, तारीख, कुठला डोळा, सरांचा नंबर असलेली चिठ्ठी फोटो काढून पाठवा. टोळीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवर ती दिसेल. आज अंधार पडायच्या आत जमलं तर बघा, पहाटे ती माणसं फडात गेलेली असतात.